उचल घेतली की हिशेब घेतला?

जालन्यात मस्तगडाच्या आसपास राहणारी आणि रोज एमआयडीसीत रोलिंग मिलला, बियाण्यांच्या कंपनीत किंवा एखाद्या गोदामात कामाला जाणारी मंडळी पीएफच्या पैशाबद्दल बोलताना दोन शब्द वेगळे ठेवतात. नोकरी चालू असताना गरजेपुरते पैसे काढले, तर ‘उचल घेतली’. नोकरी सोडून खाते रिकामे केले, तर ‘हिशेब घेतला’. प्राप्तिकराच्या कायद्यातला भेदही नेमका हाच आहे. कोरोनाच्या दोन वर्षांत पीएफमधून काढलेल्या पैशाची रिटर्नमध्ये चुकलेली नोंद जेव्हा जेव्हा माझ्यासमोर आली, तेव्हा गोंधळ याच जागी होता. उचलीवर कर भरलेला, नाही तर हिशेबावरचा कर राहून गेलेला. म्हणून संगणकावर रिटर्न उघडण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: मी तेव्हा उचल घेतली होती, की हिशेब?

काबिल खानाने १७२५ मध्ये बांधलेल्या मस्तगडाच्या गढीत पुढे नगरपालिकेची कचेरी आली. त्यामुळे कर, पावती आणि दप्तर या गोष्टी या परिसराला नव्या नाहीत. नवे होते ते २०२०चे संकट. २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागली, भट्ट्या थंड झाल्या आणि ठेकेदाराकडच्या माणसाला पुढचा पगार कधी होईल हे सांगणारे कोणी उरले नाही. तीनच दिवसांनी, २८ मार्च २०२० रोजी, केंद्राने भविष्य निर्वाह निधी योजनेत दुरुस्ती करून परिच्छेद ६८एल मध्ये नवे तिसरे उपकलम घातले. त्यानुसार सदस्याला तीन महिन्यांचे मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, किंवा खात्यातल्या शिलकीच्या ७५ टक्के, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती काढता येत होती. ती परत भरायची नव्हती. दुसऱ्या लाटेत, २२ एप्रिल २०२१ पासून, काही अपवाद वगळता उद्योगांना ऑक्सिजन देणे थांबले. लोखंड कापायलाही ऑक्सिजनच लागतो, हे जालन्याला वेगळे सांगायला नको. त्यानंतर ३१ मे २०२१ रोजी हीच उचल दुसऱ्यांदा घेण्याची मुभा मिळाली. जून २०२४ मध्ये ही सोय बंद झाली.

म्हणजे एकाच माणसाने २०२० ते २०२४ या काळात एकदा किंवा दोनदा कोविडची उचल घेतली असेल, मधेच काम सुटल्यावर हिशेबही घेतला असेल, आणि हे सगळे पैसे एकाच बँक खात्यात जमा झाले असतील. बँकेच्या पासबुकात प्रत्येक नोंद सारखीच दिसते: भविष्य निर्वाह निधीकडून जमा. रिटर्न भरून देणारा माणूस तेवढेच बघून आकडा टाकतो आणि तिथेच चूक होते.

तेव्हा बँकेचे पासबुक बाजूला ठेवा आणि पीएफचे उघडा. ईपीएफओच्या, म्हणजे भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या, संकेतस्थळावर किंवा उमंग अॅपवर यूएएन टाकून ते मिळते. प्रत्येक सदस्य क्रमांकाचे पासबुक वेगळे असते, म्हणून ठेकेदार बदलले असतील तर सगळी उघडा. पैसे काढल्याची नोंद असेल तिथे कोणत्या परिच्छेदाखाली दावा मंजूर झाला ते बघा. कोविडच्या उचलीचा परिच्छेद ६८एल. तिचा अर्ज फॉर्म ३१ वर केलेला असतो आणि कारणाच्या रकान्यात महामारीचा उल्लेख असतो. हिशेबाचा अर्ज मात्र फॉर्म १९ वर होतो. त्याच्या जोडीला पेन्शनच्या हिश्श्यासाठी फॉर्म १०सी भरला असेल, तर ती रक्कम वेगळी जमा होते. तिला १९च्या आकड्यात मिसळू नका. या नोंदी कागदावर उतरवून घ्या: तारीख, रक्कम, फॉर्म क्रमांक. तारीख पैसे जमा झाल्याची घ्या, अर्ज केल्याची नको. जून २०२० मध्ये जमा झालेली उचल आर्थिक वर्ष २०२०-२१ ची, म्हणजे कर निर्धारण वर्ष २०२१-२२ ची. जून २०२१ मधली पुढच्या वर्षाची. रिटर्नचे सॉफ्टवेअर कर निर्धारण वर्ष विचारते आणि लोक सवयीने आर्थिक वर्ष निवडतात. ही चूक छोटी वाटते, पण त्यामुळे नोंद भलत्याच वर्षात जाते.

आता करभाराकडे वळू. कोविडच्या उचलीवर प्राप्तिकर नाही. तुमची नोकरी तीन महिन्यांची असो की तीस वर्षांची, ६८एल खाली घेतलेल्या पैशाला पाच वर्षांची अट लागत नाही. ईपीएफओने योजना सुरू करतानाच हे स्पष्ट केले होते. आणखी एक धास्ती ऐकू येते, की उचल घेतल्याने सेवा तुटली आणि पाच वर्षांची मोजणी पुन्हा सुरू झाली. तसे होत नाही. उचल ही चालू खात्यातून घेतलेली असते, सदस्यत्व तसेच राहते.

हिशेबाचे तसे नाही. प्राप्तिकर कायदा, १९६१ च्या चौथ्या परिशिष्टातला आठवा नियम सांगतो की सलग पाच वर्षे सेवा झाली असेल तर पीएफची जमा रक्कम करमुक्त. पाच वर्षांआधी नोकरी सुटली, तर सुटण्याचे कारण बघितले जाते. आजारपण, मालकाचा धंदा बंद होणे किंवा आवरता घेणे, किंवा कामगाराच्या हाताबाहेरचे दुसरे कारण असेल, तर तीन वर्षांतला हिशेबही करमुक्त राहतो. टाळेबंदीत ज्यांची मिल बंद पडली त्यांच्यासाठी हे कलम फार मोलाचे आहे, आणि माझ्या मते ज्यांना त्याचा हक्क होता त्यांतल्या कितीतरी जणांना ते कोणी सांगितलेच नाही. यासाठी कागद लागतो: मालकाचे किंवा ठेकेदाराचे काम बंद झाल्याचे पत्र, कामावरून कमी केल्याची नोटीस, किंवा निदान पीएफच्या नोंदीत नोकरी सोडल्याचे जे कारण लिहिले आहे त्याची प्रत. त्या नोंदीत ठेकेदाराने ‘राजीनामा’ असे लिहिले असेल, तर ती दुरुस्त करून घेण्याचा आग्रह धरा. एका शब्दावर कर ठरतो.

ठेकेदारीतल्या माणसाने पाच वर्षांची मोजणी नीट समजून घ्यावी. तुम्ही एकाच मिलच्या एकाच फाटकातून आठ वर्षे आत जात असाल, पण कागदावर तीन ठेकेदार झाले असतील, तर पीएफचे सदस्य क्रमांकही तीन असू शकतात. जुन्या क्रमांकावरची शिल्लक फॉर्म १३ ने नव्यात वर्ग केली असेल, तरच आधीची वर्षे पाचात धरली जातात. वर्ग न करता मधल्या मधे प्रत्येक ठेकेदाराचा हिशेब काढत गेलात, तर आठ वर्षे घाम गाळूनही तुमची सेवा अडीच-अडीच वर्षांची ठरते. हे मला फार लागते, कारण यात कामगाराचा दोष नसतो आणि पैसे मात्र त्याचे जातात. अजून हिशेब काढलेला नसेल, तर आधी सगळी खाती एका यूएएनखाली आणून शिल्लक वर्ग करा, मग पैशाचे बघा.

कर लागतो आणि टीडीएस कापला जातो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाच वर्षांआधीच्या हिशेबाची रक्कम ५०,००० रुपये किंवा त्याहून जास्त असेल तर कलम १९२ए प्रमाणे १० टक्के टीडीएस कापतात. पॅन जोडलेला नसेल, तर त्या काळात हा दर ३४.६०८ टक्के होता. एप्रिल २०२३ पासून तो २० टक्के झाला. रक्कम पन्नास हजारांच्या आत असेल तर काहीच कापत नाहीत. ‘कापले नाही म्हणजे लागत नाही’ असा समज इथूनच पसरतो. प्रत्यक्षात तेव्हाही कर लागू शकतो, फक्त तो स्वतः हिशेब करून भरायचा असतो.

एक उदाहरण घेऊ. समजा एका कामगाराचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १६,००० रुपये, एकूण पगार २०,००० रुपये, नोकरी चार वर्षांची आणि पीएफची शिल्लक १,४५,००० रुपये. मे २०२० मध्ये त्याने कोविडची उचल मागितली. तीन महिन्यांचे वेतन ४८,००० होते आणि ७५ टक्के म्हणजे १,०८,७५०. कमी रक्कम ४८,०००, तेवढी मिळाली. नोव्हेंबरअखेर त्याने स्वतःहून काम सोडले आणि पुढे हिशेब घेतला. मधल्या महिन्यांची भर सोडून दिली तरी उरलेले ९७,००० पन्नास हजारांच्या वर जातात, म्हणून ९,७०० रुपये कापले गेले. आता या माणसाचे वर्षाचे उत्पन्न अडीच लाखांच्या खाली आहे, आधीच्या वर्षांतही होते. त्याला कर शून्य लागतो. म्हणजे ते ९,७०० रुपये त्याचेच आहेत. पण रिटर्न भरले तरच ते परत मिळतात, आणि ‘आपल्याला कर लागत नाही’ म्हणून त्याने रिटर्न भरलेच नाही, तर ते सरकारजमा राहतात. अर्ज करतानाच फॉर्म १५जी जोडला असता तर पैसे कापलेच गेले नसते.

यातले ४८,००० आणि ९७,००० हे दोन आकडे रिटर्नमध्ये दोन वेगळ्या घरांत जातात.

उचलीची रक्कम उत्पन्नाच्या कोणत्याही मथळ्यात टाकायची नाही, पगारातही नाही आणि ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ यातही नाही. ती जाते ‘एक्झेम्प्ट इन्कम’ या भागात. आयटीआर-१ मध्ये तिथे यादी उघडते, तिच्यात कलम १०(१२), मान्यताप्राप्त भविष्य निर्वाह निधी, हा पर्याय निवडून रक्कम लिहायची. आयटीआर-२ भरत असाल तर हीच नोंद ‘शेड्यूल ईआय’ मध्ये होते. करमुक्त रक्कम दाखवायचीच कशाला, असे पुष्कळ जण विचारतात. माझा सल्ला दाखवण्याचा आहे. बँकेत आलेला मोठा आकडा आणि रिटर्नमधला आकडा जुळला, की पुढे कोणी विचारले तर उत्तर तयार असते. जुनी करपद्धत निवडली की नवी, याने फरक पडत नाही. १०(१२) ची सूट दोन्हींत मिळते. कोणत्याही खासगी सॉफ्टवेअरने ‘पीएफ काढला का’ असे विचारले, तर नुसते ‘हो’ म्हणून पुढे जाऊ नका. त्या उत्तराने रक्कम कोणत्या मथळ्यात पडली ते शेवटच्या गोषवाऱ्यात उघडून बघा.

पाच वर्षांनंतरचा हिशेब, किंवा धंदा बंद पडल्यामुळे घ्यावा लागलेला हिशेब, हाही याच करमुक्त भागात येतो. इथे एक अडचण असते. हिशेब करमुक्त असूनही कधी कधी टीडीएस कापलेला असतो, कारण कापणाऱ्याला तुमची आधीची सेवा दिसलेली नसते. अशा वेळी फॉर्म २६एएस मध्ये १९२ए खालची ती नोंद दिसते आणि सॉफ्टवेअर तिला पगाराबाहेरच्या टीडीएसच्या तक्त्यात आपोआप आणून ठेवते. त्या ओळीत संबंधित रक्कम आणि उत्पन्नाचा मथळा विचारलेला असतो. तिथे मथळा ‘एक्झेम्प्ट इन्कम’ ठेवा आणि करमुक्त भागातल्या आकड्याशी तो जुळवा. टीडीएस मागितला पण त्यामागची रक्कम कुठेच दाखवली नाही, तर रिटर्न सदोष ठरवून कलम १३९(९) ची नोटीस येऊ शकते.

करपात्र हिशेबाचे काम मात्र वेळ काढून करायचे आहे. त्या रकमेचे तुकडे पडतात. तुमची स्वतःची वर्गणी तुमच्याच पगारातून गेलेली असते, तिच्यावर पुन्हा कर नाही. मात्र आधीच्या वर्षांत तिच्यावर ८०सी ची वजावट घेतली असेल, तर ती त्या त्या वर्षापुरती मागे घेतली जाते. मालकाची वर्गणी आणि तिच्यावरचे व्याज पगारासारखे करपात्र होते. तुमच्या वर्गणीवरचे व्याज ‘इतर स्रोत’ या मथळ्यात येते. आणि हे सगळे एका वर्षात ओतायचे नसते. निधी मान्यताप्राप्त नसता तर प्रत्येक वर्षी किती कर झाला असता, तो वर्षवार काढून फरक भरायचा असतो. कायद्यात हे कलम १११ आणि चौथ्या परिशिष्टाचा नववा नियम यांत आहे. आयटीआर-२ च्या ‘शेड्यूल ओएस’ मध्ये त्यासाठी वेगळा तक्ता दिलेला आहे: कर निर्धारण वर्ष, उत्पन्नातला लाभ, करातला लाभ. आयटीआर-१ मध्ये हा तक्ता नाही, म्हणून करपात्र हिशेब असेल तर ‘सहज’, म्हणजे आयटीआर-१, सोडून आयटीआर-२ घ्यावा लागतो. पीएफचे वर्षवार पासबुक इथे उपयोगी पडते, कारण त्यात दोन्ही वर्गण्या वेगवेगळ्या दिसतात. ज्यांचा पगार सगळ्या वर्षांत करमर्यादेच्या खाली होता, त्यांचा हा तक्ता अनेकदा शून्यावर येतो. ज्यांचा पगार चांगला होता, त्यांनी हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावे. हजारभर रुपये फी जास्त वाटली तरी ती वाया जात नाही.

एनपीएसमधून, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेतून, काढलेले पैसे या सगळ्यापेक्षा वेगळे. कोविडच्या उपचारासाठी अंशतः काढण्याची परवानगी एप्रिल २०२० मध्ये मिळाली होती. ती स्वतःच्या वर्गणीच्या २५ टक्क्यांपर्यंत, आणि तिची सूट १०(१२बी) खाली दाखवायची.

ज्यांची रिटर्न भरून झाली आणि चूक आता लक्षात आली, त्यांनी घाबरू नये, पण आपल्या चुकीची दिशा ओळखावी. कर कमी भरला गेला असेल, म्हणजे करपात्र हिशेब करमुक्त दाखवला असेल किंवा दाखवलाच नसेल, तर ‘अपडेटेड रिटर्न’, आयटीआर-यू, हा मार्ग आहे. कर निर्धारण वर्ष संपल्यापासून पूर्वी २४ महिने आणि २०२५ च्या वित्त कायद्याने ४८ महिने अशी ही मुदत आहे. आर्थिक वर्ष २०२०-२१ साठी ती ३१ मार्च २०२६ ला संपते, २०२१-२२ साठी ३१ मार्च २०२७ ला. जितका उशीर, तितका जादा कर: कर आणि व्याजाच्या रकमेवर २५ टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत. या मार्गाने परतावा मात्र मागता येत नाही.

कर जास्त गेला असेल, म्हणजे टीडीएस कापला गेला आणि रिटर्नच भरले नाही, तर कलम ११९(२)(बी) खाली उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार हा अर्ज कर निर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत करायचा. आर्थिक वर्ष २०२०-२१ च्या परताव्यासाठी ही तारीख ३१ मार्च २०२७ येते. ई-फायलिंग पोर्टलवर सेवांच्या यादीत ‘कंडोनेशन रिक्वेस्ट’ हा पर्याय आहे. अर्जात उशिराचे खरे कारण साध्या शब्दांत लिहा. टाळेबंदीत गावी गेलो होतो, काम सुटले होते, घरात आजारपण होते, ही कारणे खरी असतील तर ती तशीच लिहा आणि त्यांचे कागद जोडा. अर्ज मंजूर झाला की त्या जुन्या वर्षाचे रिटर्न भरता येते. उचलीवरच चुकून कर भरला असेल तर आयुक्तांकडे कलम २६४ चा पुनरीक्षण अर्ज करण्याची वाट आहे. तिची मूळ मुदत वर्षभराची, म्हणून उशिराचे कारण तिथेही द्यावे लागते. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू होत असला, तरी ही जुनी वर्षे १९६१ च्याच कायद्याने मोजली जातात. कलमांचे आकडे बदलले म्हणून कोणी तुम्हाला परत पाठवले, तर हे सांगा.

जालन्यातल्या काही घरांतली मुले अमेरिकेत आहेत आणि त्यांनीही २०२० मध्ये आपल्या निवृत्ती खात्यातून पैसे काढले. तिथला नियम आपल्यापेक्षा उलटा होता. तिथल्या केअर्स कायद्याने २०२० मध्ये एक लाख डॉलरपर्यंत काढायला दिले आणि १० टक्के दंड माफ केला, पण कर माफ केला नाही. तो तीन वर्षांत, २०२०, २०२१ आणि २०२२ मध्ये, विभागून भरण्याची सवलत दिली. पहिल्या वर्षी फॉर्म ८९१५-ई आणि पुढच्या वर्षांत ८९१५-एफ. अडचण पुढच्या दोन वर्षांत यायची. १०९९-आर हा कागद पहिल्याच वर्षी मिळाला, त्यामुळे दुसऱ्या वर्षी सॉफ्टवेअरला मागचे काही ठाऊक नसेल तर त्या वर्षाचा एक-तृतीयांश हिस्सा आपणच आठवणीने टाकायचा होता. मुलाशी फोनवर बोलाल तेव्हा ८९१५-एफ दोन्ही वर्षी भरला होता का, एवढे विचारा.

आणि ज्या घरातला कमावता माणूस कोरोनाच्या दोन वर्षांत गेला, त्या घरासाठी शेवटचे. त्याने घेतलेली कोविडची उचल करमुक्तच राहते, कोणी परत मागू शकत नाही. मृत्यूनंतर वारसाला मिळणाऱ्या पीएफच्या रकमेला पाच वर्षांची अट लागत नाही, कारण मृत्यू हा हाताबाहेरच्या कारणांतच येतो. पीएफसाठी फॉर्म २०, पेन्शनसाठी १०डी आणि विम्यासाठी ५आयएफ, असे तीन दावे असतात. तिसरा अनेकांना माहीत नसतो. नोकरीत असताना मृत्यू झाल्यास ईडीएलआय योजनेतून कमाल सात लाख रुपयांपर्यंत मिळतात, त्यासाठी कामगाराला वेगळा हप्ता भरावा लागत नाही. त्या माणसाचे टीडीएसचे पैसे अडकले असतील, तर पत्नीने किंवा मुलाने पोर्टलवर आधी ‘रिप्रेझेंटेटिव्ह असेसी’ म्हणून नोंदणी करायची. मृत्यूचा दाखला, दोघांचे पॅन आणि वारसाचा पुरावा लागतो. ती मंजूर झाली की त्याच्या नावाचे रिटर्न आणि उशीरमाफीचा अर्ज वारसाच्याच लॉगिनमधून करता येतो. परताव्यासाठी बँक खाते मात्र वारसाचे, आधीच पडताळून ठेवलेले असावे.